वेश आणि वसा

२००० साली पहिला 'एक्स-मेन' आला तेव्हा त्या सुपरहिरोंच्या टोळीतल्या वुल्वरिनच्या अंगावर काळं चामडं होतं, कॉमिकमधला पिवळा वेश नव्हता. तो त्याबद्दल कुरकुरतो, आणि त्याचा साथीदार सायक्लॉप्स त्याला विचारतो, मग काय पिवळं स्पँडेक्स हवं होतं? हा टोमणा आपल्यालाच आहे, हे कॉमिक वाचणाऱ्यांना बरोबर कळलं. पुढची २४ वर्षं त्या पिवळ्या वेशाची वाट बघण्यात गेली. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्वरिन'मध्ये ह्यू जॅकमनने तो अंगावर चढवला आणि 'आता कुठे खरा वुल्वरिन दिसला' असं म्हणणाऱ्यांची रांग लागली.

हे पटण्यासारखं नाही. कॉमिकमधला वुल्वरिन ५ फूट ३ इंचांचा आहे आणि जॅकमन सहा फुटांच्या वर. प्रश्न नुसत्या मोजपट्टीचा नाही. गुत्त्याच्या कोपऱ्यात एक ठेंगणा, केसाळ माणूस बसलाय आणि हातभर उंच असलेला कुणीतरी त्याला डिवचायला येतो, या प्रकारच्या प्रसंगांवर ते पात्र उभं आहे. त्याच्या रागात बुटक्या माणसाचा राग मिसळलेला आहे. तिथे उंच, देखणा जॅकमन आला की सगळं गणित बदलतं. आणि तरीही वुल्वरिनचा सगळ्यात खरा चित्रपट जॅकमनचाच आहे : २०१७ चा 'लोगन'. त्यात पिवळा वेश सोडाच, वेशच नाही. जखमा पूर्वीसारख्या भरून येत नाहीत, एक नखी अर्धवट बाहेर येऊन अडकते आणि ती हाताने ओढून काढावी लागते. एक्स-मेनची कॉमिक पुस्तकं त्या चित्रपटातच दिसतात, आणि लोगन, म्हणजे वुल्वरिनच, ती बघून म्हणतो की यातलं फार तर पाव भाग घडलं, तेही असं नाही. ज्या पात्राची ताकद म्हणजे 'जखम भरून येणं', त्याच्याकडून चित्रपट तीच ताकद काढून घेतो आणि इतकी वर्षं तिच्याआड काय दडलं होतं ते दाखवतो.

आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्यांमध्ये वसा देताना बजावतात, उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. सुपरहिरो कॉमिकचा कणा हाच. कुणीतरी वसा घेतो, आणि मग अंकामागून अंक तो टाकायला लावणारे प्रसंग येत राहतात. चित्रपटाला नायक सापडला की नाही, हे ठरवताना दोन गोष्टी बघाव्यात. त्या वशाची किंमत पडद्यावर चुकती होते का? आणि कागदावर चौकट, विचारांचा फुगा आणि दोन चौकटींमधली पांढरी फट जे काम करत होती, त्यासाठी चित्रपटाने स्वतःचं साधन शोधलं का, की नुसतं वरून गिरवलं?

'मुळाबरहुकूम' ही कसोटी मी मुद्दामच लावत नाही, कारण मूळ म्हणजे कुठलं? जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही. तो उडी मारतो, एक अष्टमांश मैल. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धोपटतो आणि राजकारण्याला खिशात घातलेल्या दलालाला उचलून तारांवरून धावत त्याची भंबेरी उडवतो. जेरी सिगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी १३० डॉलरला विकून टाकलेला हा सुपरमॅन आज कुणी जसाच्या तसा पडद्यावर आणला तर प्रेक्षक विचारतील, हा कोण? उडण्याची सवय जडण्यात १९४१ पासूनच्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांचा हात आहे, कारण हलत्या चित्रात त्या उड्या विचित्र दिसत होत्या. सुपरमॅनची ताकद हिरावणारं क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आलं आणि कॉमिकच्या पानावर उतरायला १९४९ उजाडलं. हल्क पहिल्या अंकात करडा होता. करडा रंग छपाईत पानागणिक वेगळा उमटायला लागला म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. सुरुवातीच्या बॅटमॅनकडे पिस्तूल होतं. अशी ही 'मुळं'.

सुपरमॅनपासून सुरुवात करू, कारण अजूनही माझ्या यादीत पहिला नंबर १९७८ च्या, रिचर्ड डॉनरच्या 'सुपरमॅन'चाच आहे. लोक त्यातल्या उडण्याचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. झोरान पेरिसिकच्या झॉप्टिक पद्धतीत मागचं दृश्य पडद्यावर फेकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा, दोघांनाही झूम भिंगं लावून ती एकमेकांना जखडलेली असत. प्रोजेक्टर चित्र जितकं लहान करी, तितकाच कॅमेरा पुढे झूम होई. त्यामुळे मागचं दृश्य होतं तेवढंच राही आणि मधे टांगलेला नट मात्र जवळ येतोय किंवा लांब जातोय असं वाटे. क्रिस्टोफर रीव्ह जागचा न हलता आपल्या अंगावर झेपावतो तो असा.

पण नायक सापडतो तो दुसऱ्याच एका प्रसंगात, आणि त्यात एकही युक्ती नाही. सहकारी पत्रकार लोइस लेनला आकाशात फिरवून आणल्यानंतर सुपरमॅन क्लार्क केंट होऊन तिच्या दारात येतो. ती आतल्या खोलीत जाते. क्लार्क चष्मा काढतो. खांदे मागे जातात, मान सरळ होते, छाती भरते, आवाज एक पट्टी खाली उतरतो. तो तिला सांगणार असतो. आणि मग धीर सुटतो, चष्मा परत डोळ्यांवर, खांदे परत पुढे. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या पाठीच्या कण्यात घडतं. चष्मा लावला की कुणी ओळखत नाही, या भाबड्या समजुतीवर कॉमिक चाळीस वर्षं तगलं होतं. कागदावर ते चालतं, कारण तिथे चेहरा म्हणजे चार रेषा. पडद्यावर खरा चेहरा असतो, म्हणून रीव्हने ओळख चेहऱ्यातून काढून देहबोलीत नेली. केसांचा भांगसुद्धा दोघांचा उलट बाजूला आहे. पुढे ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटलीच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'मध्ये (२००५ ते २००८, १२ अंक) क्लार्क वाकलेला, ढगळ कोटातला, सारखा धडपडणारा काढलाय, आणि त्याचा धक्का लागल्यामुळेच एक माणूस वरून पडणाऱ्या वस्तूखाली येता-येता वाचतो. रीव्हच्या अभिनयानंतरच असा क्लार्क काढणं शक्य झालं, असं मला वाटतं.

शेवटी पृथ्वीभोवती उलट्या फेऱ्या मारून काळ मागे नेण्याचा प्रकार हास्यास्पद आहे, यात वाद नाही. पण किमतीचा हिशोब लावला तर तोही कळतो. हृदयविकाराने गेलेल्या वडिलांच्या थडग्यापाशी पोरगा म्हणालेला असतो, एवढी ताकद असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. लोइस मेल्यावर तो काळ मागे नेतो ते त्या वाक्यामुळे. (शिवाय साठच्या दशकातली सुपरमॅनची कॉमिक ज्यांनी वाचलीत त्यांना असल्या करामतींचं नवल वाटायचं कारण नाही.)

आता २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील'. सुपरमॅनने खलनायक झॉडची मान मोडली म्हणून गदारोळ झाला. 'सुपरमॅन कधी मारत नाही' हे टीकाकारांचं म्हणणं तंतोतंत खरं नाही. १९८८ च्या 'सुपरमॅन' क्रमांक २२ मध्ये जॉन बर्नने त्याला तीन क्रिप्टोनियन गुन्हेगारांना हिरव्या क्रिप्टोनाइटने मारायला लावलं होतं. फरक पुढच्या पानांत आहे. कॉमिकमध्ये त्या कृत्याने सुपरमॅन आतून कोसळतो, त्याचं मन दुभंगतं आणि तो स्वतःला पृथ्वीवरून हद्दपार करतो. महिनोन्‌महिने ते ओझं कथेवर राहतं. चित्रपटात तो एक किंकाळी फोडतो आणि थोड्याच वेळात लष्करी अधिकाऱ्यापुढे ड्रोन आपटून हसत-खेळत बोलताना दिसतो. मारणं हा गुन्हा असेल-नसेल, बिल न भरता उठून जाणं हा नक्कीच आहे. २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये राक्षस शहर तुडवत असताना डेव्हिड कोरेनस्वेट मधेच एक खार उचलून बाजूला नेतो. पुष्कळांना ते बालिश वाटलं, मला तो त्या चित्रपटातला सगळ्यात अभ्यासू क्षण वाटला.

गिरवण्याचं उदाहरण हवं तर २००९ चा 'वॉचमेन' घ्या. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्सच्या १२ अंकांच्या (१९८६-८७) त्या कॉमिकच्या चौकटी झॅक स्नायडरने अक्षरशः समोर ठेवून चित्रित केल्यात. प्रकाश, कोन, पोशाखांच्या घड्या, सगळं जागच्या जागी. आणि तरी आत्मा हरवलाय, याचं कारण तांत्रिक आहे. मूळ पानाची रचना तीन गुणिले तीन, नऊ समान चौकटींची. त्यात मारामारीला जेवढी जागा, तेवढीच जागा वर्तमानपत्रं विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या बडबडीला. म्हणजे कॉमिक सतत सांगत असतं की या मुखवटेवाल्यांच्या ठोशांना काही खास महत्त्व देऊ नका. चित्रपट प्रत्येक ठोसा संथगतीत दाखवतो. गल्लीतल्या मारामारीत हाडं मोडताना दिसतात, ऐकू येतात. ज्या हिंसेकडे मूळ कथा कंटाळून बघत होती, तिच्यावर चित्रपट लट्टू होतो. चौकट तीच, अर्थ उलटा. मूरने श्रेयनामावलीत आपलं नाव येऊ दिलं नाही. आपल्या कॉमिकवरच्या चित्रपटांत तो आता ते येऊच देत नाही म्हणा.

अँग लीच्या २००३ च्या 'हल्क'मध्ये तर पडदाच चौकटींत विभागलेला आहे. प्रयोग धाडसी, पण फसलेला. कॉमिकच्या पानावर किती वेळ थांबायचं हे वाचकाची नजर ठरवते. ती मागे जाते, पुढे उडी मारते, दोन चौकटींमधल्या फटीत स्वतःच काहीतरी भरते. पडद्यावर तीन चौकटी एकदम आल्या की वेळ दिग्दर्शकाच्याच हातात राहतो आणि प्रेक्षकाला फक्त मान वळवावी लागते.

उलट बाजूला २०१२ चा 'ड्रेड' बघा. जज ड्रेड १९७७ पासून '२००० एडी' या ब्रिटिश साप्ताहिकात आहे आणि त्याचा चेहरा वाचकाला कधी दाखवत नाहीत, कारण तो माणूस नाहीच, कायदा आहे. १९९५ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनने शिरस्त्राण काढलं आणि तिथेच कारभार आटोपला. कार्ल अर्बनने संपूर्ण चित्रपटभर ते काढलं नाही. अभिनयाला हनुवटी आणि ओठांच्या खाली वळलेल्या कडा एवढंच भांडवल, आणि तेवढ्यावर ड्रेड उभा केला. पण कॉमिकमधलं मेगा-सिटी वन हे शहर मूर्ख फॅशन आणि वेडगळ कायद्यांनी भरलेला एक लांबलचक विनोद आहे. २०० मजली एकाच इमारतीत कोंडलेल्या त्या चित्रपटात तो विनोद आलाच नाही. माणूस सापडला, गाव राहिलं.

बॅटमॅनच्या बाबतीत बोललो की भांडणं होतात, तेव्हा सरळच सांगतो. २००८ चा 'द डार्क नाइट' हा बहुधा या प्रकारातला सर्वांत चांगला चित्रपट आहे, आणि तो सर्वांत चांगला बॅटमॅन नाही.

नोव्हेंबर १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' क्रमांक ३३ मध्ये बॅटमॅनचं मूळ पहिल्यांदा सांगितलं गेलं, जेमतेम दोन पानांत. आई-वडिलांचा खून झालेला मुलगा रात्री पलंगाशी गुडघे टेकून, मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्या आत्म्यांची शपथ घेतो की उरलेलं सगळं आयुष्य गुन्हेगारांशी लढेन. उरलेलं सगळं. या वशाला उद्यापन नाही. क्रिस्टोफर नोलनचा ब्रूस वेन (मुखवट्यामागचा बॅटमॅन) मात्र बॅटमॅनकडे मुदतीची मोहीम म्हणून बघतो. 'द डार्क नाइट'मध्ये हार्वी डेंट हा निडर सरकारी वकील सापडल्याबरोबर तो निवृत्तीचा बेत आखतो, बालमैत्रीण रेचेलबरोबर संसार करता येईल म्हणून. पुढच्या भागात तो आठ वर्षं घरी बसलेला आहे आणि शेवटी फ्लॉरेन्सच्या कॅफेत. एक माणूस म्हणून ते शहाणपणाचं आहे. पण शहाणा माणूस वटवाघळाचा वेश करून छपरांवर कशाला फिरेल?

माझं मत १९९३ च्या 'बॅटमॅन : मास्क ऑफ द फँटॅझम'ला. सव्वा तासाचा अ‍ॅनिमेशनपट, एरिक रॅडोम्स्की आणि ब्रूस टिम यांचा, त्याच काळातल्या टीव्ही मालिकेतून निघालेला. त्या मालिकेची पार्श्वदृश्यं काळ्या कागदावर रंगवत. म्हणजे रात्र रंगवायची नाही. रात्र आधीच असते, तिच्यावर उजेड तेवढा ठेवायचा. सिनेमातही तोच अंधार आहे. इथला तरुण ब्रूस अजून बॅटमॅन झालेला नाही आणि अँड्रिया ब्यूमाँटच्या प्रेमात पडतो. मग भर पावसात आई-वडिलांच्या थडग्यासमोर जाऊन अक्षरशः गयावया करतो : मी सुखी होईन हे मी धरलंच नव्हतं, मला मोकळं करा. त्यालाही सोडायचंच आहे, मग नोलनपेक्षा वेगळं काय? वेगळं हे की इथे तो मेलेल्यांकडे परवानगी मागतोय आणि ती देणारं कुणी नाही. नोलनच्या ब्रूसला ती मागावीशीही वाटत नाही. अँड्रिया निघून जाते, अंगठी परत येते, आणि तो पहिल्यांदा मुखवटा चढवतो. आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि घरचा बटलर आल्फ्रेड भीतीने मागे सरकतो. पडद्यावर एकही नट-नटी नसलेल्या या सिनेमात केव्हिन कॉनरॉय ब्रूसला एक आवाज देतो आणि बॅटमॅनला दुसरा, आणि खरा कोणता ते कळायला वेळ लागत नाही.

टिम बर्टनच्या १९८९ च्या चित्रपटात मायकल कीटनला मान वळवता येत नव्हती, कारण रबरी मुखवटा खांद्यांना जोडलेला होता. मागे बघायचं तर तो कमरेपासून सगळा वळायचा. गंमत म्हणजे त्यामुळे एक करकरीत, पुतळ्यासारखी चाल आपोआप आली. 'द डार्क नाइट'मध्ये ब्रूस मान वळवता येईल असा नवा पोशाख मागतो, तो याच जुन्या दुखण्यावरचा विनोद आहे. मॅट रीव्ह्जच्या २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन निदान गुन्ह्याच्या जागी जाऊन तपास करतो, 'डिटेक्टिव्ह' कॉमिक्सचा नायक असल्याचं त्याला आठवतं. पण त्याच्यापाशी ब्रूस वेनच नाही. पार्टीतला उथळ, श्रीमंत मुलगा हा बॅटमॅनचा दुसरा मुखवटा असतो. तो काढून टाकला की उरतो फक्त एक दुःखी मुलगा आणि जवळपास तीन तासांचा पाऊस.

मार्व्हलवाल्यांना इथे कॅप्टन अमेरिकाची आठवण होईल. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. जो जॉन्स्टनच्या २०११ च्या चित्रपटाने हे मुखपृष्ठ फार हुशारीने वापरलंय. स्टीव्ह रॉजर्सला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाला, युद्धरोखे विकायला रंगमंचावर उभं करतात आणि तिथे तो रोज एका नकली हिटलरला ठोसा लगावतो. नायक आधी जाहिरात होतो आणि त्याला त्याची लाज वाटते. पण खरा क्षण त्याच्याही आधीचा. ताकद देणारं औषध टोचण्यापूर्वीचा किडकिडीत स्टीव्ह (क्रिस एव्हान्सचं शरीर संगणकावर आकसून घेतलेलं) नकली हातबॉम्बवर पालथा पडतो, तो नकली आहे हे त्याला माहीत नसतं. बाकीचे पळालेले असतात. पुढचे सगळे स्नायू म्हणजे या प्रसंगाला जोडलेलं परिशिष्ट.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकाला वशाची ही भाषा ओळखीची असणार. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतलेला पहिला वेताळ (म्हणजेच फँटम) आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच वेश चढवणारे त्याचे वंशज. १९९६ मध्ये बिली झेनने केलेला 'द फँटम' पडला, पण तो वाटतो तितका वाईट नाही. पूर्ण जांभळ्या वेशात अजिबात न लाजता वावरणारा नट तेव्हा दुर्मीळच होता. घोटाळा डोळ्यांचा झाला. चित्रकथेत मुखवट्याच्या भोकांत बुबुळंच नसतात, म्हणून तो अमर वाटतो. झेनचे प्रेमळ डोळे दिसले आणि भूत संपलं, उरला एक सज्जन गृहस्थ.

डोळ्यांवरून स्पायडर-मॅनकडे येतो, कारण खरी अवघड परीक्षा त्याचीच आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्कोने ज्याला जन्म दिला त्या पीटर पार्करचं यंत्र एका साध्या विरोधावर चालतं. फुग्यात तो शत्रूची टिंगल करतो आणि विचारांच्या ढगात त्याच वेळी त्याला वाढवणाऱ्या मेकाकूच्या औषधाचे पैसे मोजत असतो. एकाच चौकटीत दोन आवाज. वर त्याचा मुखवटा पूर्ण चेहरा झाकतो, ना तोंड दिसत ना डोळे. डिट्को मुखवट्याच्या पांढऱ्या डोळ्यांचा आकार बदलून भाव दाखवायचा, जो मुद्दाम खोटा होता, कारण कापडाचे डोळे बारीक होत नाहीत. नटाला हे कसं जमावं?

सॅम रेमीच्या चित्रपटांत मुखवट्याची भिंगं घट्ट होती, म्हणून तो मुखवटा सारखा फाटतो किंवा निघतो. २०१६ पासूनच्या टॉम हॉलंडच्या वेशात भिंगं यांत्रिक केली, ती लहान-मोठी होतात. कारणही दिलं, की त्याच्या ज्ञानेंद्रियांवर एवढा मारा होतो की नजर एकाग्र करायला गॉगल लागतो. ही नक्कल नाही, उत्तर आहे. जाळ्याचं मात्र रेमीने उलट केलं. कॉमिकमध्ये पीटर मनगटावरची जाळीयंत्रं स्वतः बनवतो आणि ऐन वेळी त्यांतलं द्रव संपतं. रेमीने जाळं शरीरातूनच काढलं. शास्त्रज्ञ पोरगा त्यात हरवला हे खरं, पण २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये पीटरचं मन खचतं तसं जाळं यायचं थांबतं. संपलेल्या डबीचं काम खचलेल्या मनाने केलं.

त्या चित्रपटावर थोडं थांबायला हवं. त्याचा आधार म्हणजे 'अमेझिंग स्पायडर-मॅन' कॉमिकचा जुलै १९६७ चा क्रमांक ५०, ज्यात पीटर वेश कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि पाठ फिरवून गल्लीतून चालू लागतो. धाकट्या नव्हे, थोरल्या जॉन रोमिटाची ती चौकट इतकी प्रसिद्ध आहे की रेमीने ती जशीच्या तशी घेतली. मग हे गिरवणंच नाही का? नाही, कारण कॉमिकमध्ये सोडणं आणि परतणं दोन्ही एका अंकात उरकतं आणि चित्रपट त्या चौकटीपर्यंत पोचायला तासभर घेतो. पिझ्झा २९ मिनिटांत पोचवायची हमी, ती चुकते, नोकरी जाते. धुलाई यंत्रात वेशाचा लाल-निळा रंग इतर कपड्यांना लागतो. घरमालक भाड्यासाठी दारात (त्याचं नाव डिट्कोविच, हे ध्यानात घ्या). बँक काकूला कर्ज नाकारते. ताकद गेल्यावर पूर्ण वेशात लिफ्टने खाली यावं लागतं आणि सोबतच्या अनोळखी माणसाला सांगावं लागतं की हा कपडा टोचतो. यांतला एकही प्रसंग क्रमांक ५० मधून गिरवलेला नाही, आणि प्रत्येकाला स्पायडर-मॅनच्या कॉमिकचाच वास आहे. नंतर आगगाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या त्याला प्रवासी हातांवर तोलून आत घेतात, चेहरा बघतात, अरे हा तर पोरगा आहे म्हणतात, आणि मुखवटा परत देतात. एक उणीव मात्र मान्य करायला हवी, रेमीचा स्पायडर-मॅन लढताना फारसा बोलतच नाही. विचारांचा ढग त्याच्या चेहऱ्यावर आला आणि तोंडातला फुगा गळाला.

याच्याशेजारी २०१७ चा 'होमकमिंग' ठेवून पाहा. त्यात एक प्रसंग सरळ १९६६ च्या क्रमांक ३३ मधला आहे, ढिगाऱ्याखाली दबलेला पीटर. कॉमिकमध्ये वर टनावारी लोखंड, छतातून पाणी गळतंय, आणि हाताच्या टप्प्याबाहेर काकूच्या औषधाची डबी. डिट्कोने चौकटी वाढवत नेल्या आणि शेवटी तो भार उचलतो तेव्हा संपूर्ण पान एकच चौकट. चित्रपटात हॉलंड आधी मदतीसाठी रडत हाका मारतो, हे उत्तम. मग डबक्यात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा. ही डिट्कोची खास खूण. धोक्याची जाणीव झाली की तो पीटरचा चेहरा असाच अर्धा-अर्धा काढायचा. तपशील अचूक. पण डबी कुठे आहे? इथला पीटर उठतो तो त्याला महागडा वेश देणाऱ्या टोनी स्टार्कच्या (आयर्न मॅनच्या) विमानातला माल वाचवायला आणि आपण त्या वेशाशिवायही लायक आहोत हे सिद्ध करायला. काकूचा जीव आणि साहेबाची शाबासकी या दोन्हींचं वजन सारखं नसतं, आणि ढिगारा उचलताना ते जाणवतं. २०२१ च्या 'नो वे होम'च्या शेवटी तो भाड्याच्या खोलीत एकटा बसून स्वतःचा वेश शिवतो, तेव्हा कुठे तीन चित्रपटांनंतर पीटर पार्कर घरी येतो.

दोन आवाजांचा प्रश्न पूर्णपणे सोडवला तो २०१८ च्या 'इनटू द स्पायडर-व्हर्स'ने. नायक माइल्स मोरालेस, २०११ मध्ये आलेला. कोळी चावल्यावर त्याचे विचार चौकटींतल्या मजकुरासारखे पडद्यावर उमटायला लागतात आणि तो स्वतः त्यांनी दचकतो. हलत्या वस्तूंना धूसरपणा दिलेला नाही. लांबची वस्तू अस्पष्ट करण्याऐवजी रंगांचे थर किंचित सरकवलेत, जुन्या स्वस्त छपाईत रंगाची प्लेट हलली की दिसायचे तसे. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट जंगलातल्या प्रसंगात : सेकंदाला २४ चित्रांच्या हिशोबात त्याला शिकवणारा पीटर पार्कर प्रत्येक चित्राला हलतो, पण माइल्स दर दोन चित्रांना एकदा, म्हणजे सेकंदाला १२ वेळा. म्हणून तो अडखळताना दिसतो आणि शेजारचा अनुभवी माणूस लोण्यासारखा सरकतो. शिकाऊपणा सांगायला एक शब्दही लागत नाही. माझ्या मते कॉमिकच्या कागदाचं पडद्यावर इतकं नेमकं रूपांतर दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि यादीत रीव्हच्या खांद्याला खांदा लावून हाच उभा राहतो.

'फँटॅस्टिक फोर' या चौघा सुपरहिरोंच्या कुटुंबाचं काय, असं कुणी विचारेल. २००५ चा आणि २०१५ चा, दोन्ही प्रयत्न सोडून द्या. त्या कुटुंबाचा सर्वांत चांगला चित्रपट बरीच वर्षं २००४ चा 'द इन्क्रेडिबल्स' हाच होता, आणि त्यात ते कुटुंब नाहीच.

२०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आपल्याकडे दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं मुंबत्तन आहे आणि तिथला पवित्र प्रभाकर आहे. 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला तो 'चहा चहा' म्हणतोयस असं सुनावतो. हा पवित्र मुळात २००४ च्या 'स्पायडर-मॅन : इंडिया'मधला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा. चार अंकांचं ते कॉमिक प्रेमाने केलेलं होतं, पण त्याची पद्धत अनुवादाची होती. बेनकाकाच्या जागी भीमकाका, मेकाकूच्या जागी मायाकाकू, किरणोत्सारी कोळ्याऐवजी योग्याचं वरदान, ग्रीन गॉब्लिनच्या जागी राक्षस झालेला ओबेरॉय, आणि पायात धोतर. घटना सगळ्या न्यूयॉर्कच्याच, फक्त मुंबईत नेऊन ठेवलेल्या. चित्रपटातला पवित्र काही मिनिटांचाच आहे, पण त्याला स्वतःचा स्वभाव आहे. हा स्पायडर-मॅन खूश असतो. आयुष्य सोपं चाललंय, केस छान आहेत, प्रेयसी आहे. अजून त्याच्याकडून किंमत वसूल झालेली नाही.

आणि या चित्रपटाने माझ्या अख्ख्या वादाचाच खलनायक करून ठेवलाय. मिगेल ओहारा हा दुसऱ्या एका विश्वातला स्पायडर-मॅन म्हणतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना घडल्याच पाहिजेत : काका जाणार, जवळचा पोलीस अधिकारी मरणार. १९७० मध्ये क्रमांक ९० मध्ये पीटरच्या प्रेयसीचा बाप कॅप्टन स्टेसी मेला, तेव्हापासूनचं हे देणं. घडलं नाही तर जग उसवेल. म्हणजे किंमत चुकती झालीच पाहिजे हा माझा आग्रह आणि मुळाशी इमान राखा, नाहीतर सगळं संपेल, हे वाचकांचं जुनं म्हणणं, दोन्ही इथे एक रागीट माणूस पंजे काढून अमलात आणतोय. मुंबत्तनमध्ये इमारत कोसळते तेव्हा पवित्रच्या प्रेयसीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, त्या हिशोबाप्रमाणे मरायला हवे होते. माइल्स त्यांना वाचवतो. लगेच शहराच्या मधोमध एक काळं भगदाड पडतं आणि वाढायला लागतं. पवित्र तिथेच मागे राहतो, भगदाडाच्या काठावर, काहीच न हरवलेला, आणि आता तो कसला स्पायडर-मॅन ठरणार याचं उत्तर चित्रपट देत नाही.